वाचक विचारतात : लोकसंख्येचा मनोरा वाचायचा कसा?

जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरल्यापासून वय, पिढ्या आणि मनोरे यांबद्दल बरीच पत्रं आली आहेत. लोकसंख्येचा मनोरा म्हणजे कुठल्या वयाची माणसं किती, हे आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा आलेख : लहान वय तळाशी, मोठं वर, डावीकडे पुरुष आणि उजवीकडे बायका. त्यांतल्या काही प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत. उदाहरणांतले भारताचे आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत. जिथे आकडे समजावण्यापुरते धरले आहेत, तिथे ‘समजा’ म्हटलं आहे.

प्रश्न : बारावीच्या मुलांकडून भारताचा २०११ चा मनोरा काढून घेतला. रुंद पायाचा त्रिकोण येईल असं वाटलं होतं. पण सगळ्यात खालची पट्टी वरच्या तीन पट्ट्यांपेक्षा आखूड आली आणि टोकाची पट्टी तिच्या खालचीपेक्षा लांब. आकडेमोड दोनदा तपासली. चूक कुठे आहे? (भूगोल शिक्षिका, कोथरूड)

मुलांनी बरोबर काढलं आहे, त्यांचे गुण कापू नका. ० ते ४ वयाची मुलं ११.२८ कोटी, ५ ते ९ ची १२.६९ कोटी, १० ते १४ ची १३.२७ कोटी आणि १५ ते १९ ची १२.०५ कोटी. म्हणजे २०११ मध्येच मनोऱ्याचा सगळ्यात रुंद भाग पायाशी नव्हता, तिसऱ्या पायरीवर होता. त्या पायरीवरची मुलं १९९६ ते २००१ या पाच वर्षांत जन्मलेली. पट्टीचं वय आणि जनगणनेचं साल यांची अशी वजाबाकी करून प्रत्येक पट्टीवर जन्मसाल लिहायला मुलांना सांगा. मनोरा म्हणजे नुसता आकार राहत नाही, ऐंशी वर्षांच्या जन्मांची वही होते. मृत्यू आणि स्थलांतर यांनी त्या वहीत खाडाखोड केलेली असते, एवढंच.

पाया आखूड होण्यामागे जननदराची घसरण हे खरं कारण आहे. पण सगळी घट खरी नाही. तान्ही मुलं मोजणीत सुटतात, कारण ‘घरात माणसं किती?’ असं विचारलं की पाळण्यातलं मूल अनेकदा हिशेबात धरलं जात नाही. दुसरं कारण आपल्या बोलण्यातच आहे. ‘तिला पाचवं लागलंय’ म्हणजे तिची चार वर्षं पूर्ण झाली आहेत. प्रगणकाने त्यावरून ५ लिहिलं की ते मूल खालच्या पट्टीतून उचलून वरच्या पट्टीत जाऊन बसतं. त्यामुळे तळाच्या दोन पट्ट्यांमधला फरक नेहमी थोडा हात राखून वाचावा.

टोकाचं कोडं सोपं आहे. ७५ ते ७९ वयाचे ९२ लाख आणि ८० च्या वरचे १ कोटी १३ लाख. पहिली पट्टी पाच वर्षांची आहे. दुसरीत ८० पासून शंभरीपुढचे सगळे आले, ती वरून उघडी आहे. या दोन पट्ट्यांची लांबी एकमेकींशी ताडू नये. उघडी पट्टी फिक्या रंगात काढा, म्हणजे बघणारा फसत नाही. एखादा तक्ता ६० च्या वर सगळ्यांना एकत्र टाकत असेल, तर त्याचा मनोरा काढूच नका. डोक्यावर पाटी ठेवल्यासारखं चित्र येतं आणि म्हातारपणाबद्दल काहीही कळत नाही.

विस्तारणारा (पाया रुंद), स्थिर (पट्ट्या जवळपास सारख्या) आणि संकोचणारा (पाया अरुंद) हे पुस्तकातले तीन नमुने ओळख करून देण्यापुरते ठीक आहेत. २०११ चा भारत तिन्हींत नीट बसत नाही : वरून विस्तारणारा, पायाशी संकोचू लागलेला.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीच्या घरोघरच्या पाहणीवरून मनोरा काढायचा आहे. लोकसंख्या साधारण १,८०० आहे. एक्सेलमध्ये दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकाच दिशेला जातात आणि टक्क्यांची बेरीज २०० येते. (ग्रामपंचायत सदस्य, मुळशी तालुका)

आधी टक्केवारी, कारण खरी चूक तिथे आहे. तुम्ही पुरुषांचे गट एकूण पुरुषांनी भागलेत आणि बायकांचे एकूण बायकांनी. भागायचं दोन्हींना मिळून असलेल्या एकूण लोकसंख्येने. समजा १,८०० पैकी पुरुष ९४० आहेत आणि ० ते ४ वयाचे मुलगे ७२, मुली ६३. मग मुलगे ४.० टक्के, मुली ३.५ टक्के. तुमच्या रीतीने मुलगे ७.७ टक्के आणि मुली ७.३ टक्के येतील. गावात पुरुष जास्त आहेत की बायका, हे मनोऱ्यातून पुसलं जाईल. दोन्ही बाजूंच्या सगळ्या पट्ट्यांची मिळून बेरीज १०० यायला हवी. हीच पहिली तपासणी.

आता चित्र. पहिल्या स्तंभात वयोगट लिहा, पण त्याआधी त्या स्तंभाचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर ५-९ ही एक्सेलला तारीख वाटते आणि तिथे सप्टेंबर किंवा मे उगवतो. किंवा सरळ ‘५ ते ९’ असं लिहा. सगळ्यात लहान गट पहिल्या ओळीत घ्या, आडव्या बार चार्टमध्ये पहिली ओळ तळाशी जाते. पुरुषांच्या टक्क्यांपुढे उणे चिन्ह लावा, म्हणजे त्या पट्ट्या डावीकडे वळतील. स्टॅक्ड बार घ्या. साधा क्लस्टर्ड बार घेतला, तर पुरुषांची आणि बायकांची पट्टी एका रेषेत न येता वरखाली होते. तो घेतलाच असेल, तर सिरीज ओव्हरलॅप १०० करा. गॅप विड्थ ५ च्या आसपास ठेवा. वयोगटांची नावं मधोमध पट्ट्यांवर येतात, म्हणून उभ्या अक्षाच्या लेबलची जागा ‘लो’ निवडा. खालच्या अक्षावरचं उणे चिन्ह घालवायला कस्टम नंबर फॉरमॅटमध्ये शून्य, अर्धविराम, शून्य असं लिहा. शेवटी अक्षाची दोन्ही टोकं सारखी ठेवा, समजा उणे ८ ते अधिक ८. एक्सेलवर सोडलं तर ते एकीकडे ६ आणि दुसरीकडे ८ घेऊ शकतं. मग मधली रेषा कागदाच्या मध्यावर राहत नाही आणि नजर चुकते.

आलेख कागदावर काढणार असाल, तर पट्टीची उंची १ सेंटिमीटर आणि लांबीला १ टक्क्याला १ सेंटिमीटर पुरतं.

एक सावधगिरी. १,८०० माणसं आणि पाच-पाच वर्षांचे १७ गट, त्यात दोन बाजू. एका पट्टीत सरासरी ५३ माणसं येतात. दहा जन्म इकडेतिकडे झाले तरी पट्टी हलेल आणि त्यात काही अर्थ नसेल. एवढ्या लहान गावासाठी दहा-दहा वर्षांचे गट घ्या, पण मग सगळेच दहाचे. पाचाची आणि दहाची पट्टी एकाच मनोऱ्यात आली, तर दहाची दुप्पट लांब दिसते. जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात गावाचा फक्त ० ते ६ चा आकडा मिळतो. तो सात वर्षांचा आहे, पाच वर्षांच्या पट्टीशेजारी तो तसाच ठेवू नका.

प्रश्न : पाहणीत निम्मे लोक ४०, ५० किंवा ६० हेच वय सांगतात. मनोऱ्याला दाते पडले आहेत. ही माहिती टाकून द्यायची का? (समाजकार्य शाखेचा विद्यार्थी, भोरमध्ये काम)

टाकू नका, आधी मोजा. दाते किती खोल आहेत, हे व्हिपल निर्देशांकाने कळतं. २३ ते ६२ या वयांची सगळी माणसं मोजा. ही ४० वयं झाली. त्यांत ० किंवा ५ ने संपणारी २५, ३०, ३५ अशी ६० पर्यंत आठच. म्हणजे लोकांनी वयं नेमकी सांगितली, तर अंदाजे पाचातला एक माणूस या आठ वयांवर सापडायला हवा. समजा २३ ते ६२ मध्ये ९०० माणसं आहेत आणि त्यांतली २५२ या आठ वयांवर. २५२ ला ५ ने गुणा, ९०० ने भागा, १०० ने गुणा. उत्तर १४०. निर्दोष माहितीला १०० येतात, सगळ्यांनी पाचाच्या पटीतलंच वय सांगितलं तर ५००. संयुक्त राष्ट्रांच्या मोजपट्टीत १०५ च्या आत अतिशय अचूक, ११० पर्यंत बऱ्यापैकी अचूक, १२५ पर्यंत कामचलाऊ, १७५ पर्यंत खडबडीत आणि त्यापुढे फारच खडबडीत. तुमच्या माहितीचा आकडा काढून अहवालात तो लिहाच, लपवू नका.

चाळिशी, पन्नाशी, साठी हे शब्द आपण वयासाठी इतके सहज वापरतो की वयही तिथेच जाऊन बसतं. देशाच्या आकड्यांतही ते दिसतं. ५० ते ५४ वयाचे ४.९१ कोटी, ५५ ते ५९ चे ३.९१ कोटी, ६० ते ६४ चे ३.७७ कोटी. पहिल्या पायरीला एक कोटीची घट आणि पुढच्या पायरीला जेमतेम १५ लाखांची. मृत्यू असे पायरी बघून थांबत नाहीत. ५८ आणि ५९ ची माणसं ‘साठ’ सांगून वरच्या पट्टीत गेली, हे त्याचं मोठं कारण. पाच वर्षांचे गट केले की दाते दिसेनासे होतात, पण ओढ तशीच राहते, कारण ० आणि ५ हे आकडे नेमके गटाच्या सुरुवातीला येतात.

पुढच्या पाहणीत वय विचारू नका, जन्मसाल विचारा. तेही माहीत नसेल तर घटना विचारा. भोर, वेल्हे, मुळशी या भागात पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१, ही भक्कम खूण आहे. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६०, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, १९७२ चा दुष्काळ. ‘पानशेत फुटलं तेव्हा शाळेत जात होता का? लग्न झालं होतं का?’ अशा दोन प्रश्नांत वय दोन-तीन वर्षांच्या आत येतं. घरातल्या मोठ्या मुलाचं वयही ताडून पाहा.

कागदपत्रांवर १ जून ही जन्मतारीख भरपूर दिसेल. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी तीच घालत. तारीख चुकीची असली तरी साल बरोबर असेल, तर पूर्ण वर्षांच्या हिशेबात चूक फार तर एका वर्षाची. पण पहिलीत बसावं म्हणून सालही मागे ढकललेलं असू शकतं, तेवढं विचारून घ्या.

प्रश्न : पुण्याचा मनोरा मध्ये फुगलेला आणि रत्नागिरीचा मध्ये बारीक असतो, असं वाचलं. दोन्हीकडे माणसं सारखीच ना? (वाचक, पिंपरी)

माणसं सारखीच आहेत, किंबहुना काही घरांत तीच आहेत. रत्नागिरीतला तरुण मुंबईला किंवा पुण्याला चाकरमानी झाला की एका मनोऱ्याच्या कमरेतून निघून दुसऱ्याच्या पोटात जातो. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या आणि पुणे जिल्ह्यात ९१५. रत्नागिरीचा हा आकडा पाहून तिथे मुली जास्त जन्मतात असं कोणी म्हटलं, तर ते चूक आहे. कमावत्या वयाचे पुरुष गावात नाहीत, म्हणून तो आकडा आहे. नैसर्गिकपणे १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. त्यामुळे कुठल्याही मनोऱ्याच्या तळाशी डावी बाजू किंचित लांब असणं साहजिक आहे. ती किंचितपेक्षा जास्त लांब असेल तर काळजीची गोष्ट. २०११ मध्ये बीड जिल्ह्यात ० ते ६ वयात १,००० मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. हे स्थलांतराने होत नाही, सहा वर्षांची मुलगी एकटी गाव सोडून जात नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशाच्या १९९४ च्या कायद्याआधीच, कायदा केला होता. तरीही तळाच्या पट्टीत हा आकडा उमटला. मनोऱ्यात एवढं वाईट दुसरं काही आम्हाला दिसत नाही.

फुगवटा जन्मांचा की आलेल्यांचा, हे ओळखायला एक साधी रीत आहे. २००१ मधली १० ते १४ ची पट्टी घ्या आणि २०११ मधली २० ते २४ ची. ही एकाच पिढीची दोन चित्रं आहेत. दहा वर्षांचं मूल नव्याने जन्मत नाही, त्यामुळे बाहेरून कोणी आलं नसेल तर दुसरी पट्टी पहिलीपेक्षा थोडी लहानच हवी. मोठी निघाली, तर जेवढी वाढ, निदान तेवढी माणसं बाहेरून आली.

मात्र हद्द तीच हवी. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. जुन्या हद्दीचा मनोरा नव्या हद्दीच्या मनोऱ्याशी ताडला, तर या गावांची जन्मलेली माणसंही ‘आलेली’ ठरतील. प्रभागाचा मनोरा काढत असाल तर वसतिगृहं, येरवड्यासारखं कारागृह आणि लष्करी भाग वेगळे काढून पाहा. जनगणनेत वसतिगृहातला विद्यार्थी वसतिगृहातच मोजला जातो. एका मोठ्या वसतिगृहाने अख्ख्या प्रभागाचा आकार बदलतो, आणि मग तिथे पाळणाघर काढायचं की अभ्यासिका, हा निर्णय चुकतो.

प्रश्न : जननदर २ वर आला म्हणतात. मग लोकसंख्या वाढते कशी? (निवृत्त बँक कर्मचारी, सदाशिव पेठ)

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत भारताचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यभरात सरासरी होणारी मुलं, २.० आला आणि महाराष्ट्राचा १.७. पिढीची जागा पुढच्या पिढीने तेवढीच भरायला साधारण २.१ लागतो. तरीही वाढ थांबत नाही, याचं उत्तर मनोऱ्याच्या मधल्या पायऱ्यांवर आहे. २०११ मध्ये १५ ते १९ वयाचे १२.०५ कोटी होते आणि ४५ ते ४९ चे ६.२३ कोटी. मुलं होण्याच्या वयात शिरणारी पिढी त्या वयातून बाहेर पडणाऱ्या पिढीच्या जवळजवळ दुप्पट. आधीच्या पिढीत घराला चार मुलं असतील आणि आता दोन, तरी घरंच दुप्पट झाली म्हणून जन्म तेवढेच राहतात. दुसरीकडे, वरच्या पट्ट्या लहान असल्याने मृत्यू कमी. जन्म वजा मृत्यू शिल्लकच राहते. ही रुंद पिढी वरच्या पायऱ्यांवर पोचेपर्यंत हा आवेग टिकतो, आणि त्याला काही दशकं लागतात.

प्रश्न : माणसं जास्त जगू लागली म्हणून समाज म्हातारा होतोय, हे खरं का? आणि साठीनंतर आम्हाला ‘अवलंबित’ का म्हणतात? (ज्येष्ठ वाचक, कर्वेनगर)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच जणांना उलटं वाटतं. समाजाचं सरासरी वय वाढतं ते मुख्यतः जन्म कमी झाल्याने. मृत्युदर घसरू लागतो तेव्हा आधी वाचतात ती तान्ही मुलं, म्हणजे मनोरा तळाशी रुंद होऊन समाज उलट तरुण होतो. पाया आखूड झाला की वरच्या माणसांची संख्या तीच असली तरी त्यांचा वाटा वाढतो. आयुर्मानाचा परिणाम ठळक व्हायला लागतो तो नंतर, जेव्हा साठीपुढची वर्षं वाढतात.

मध्यक वय, म्हणजे ज्याच्या खाली निम्मी आणि वर निम्मी माणसं असतात ते वय, घरी काढता येतं. वय नोंदलेले १२०.६४ कोटी, त्यांचे निम्मे ६०.३२ कोटी. १९ वर्षांपर्यंतचे सगळे मिळून ४९.३० कोटी, म्हणजे अजून ११.०२ कोटी हवेत. पुढच्या २० ते २४ च्या गटात ११.१४ कोटी आहेत. ११.०२ भागिले ११.१४ गुणिले ५ म्हणजे ४.९. मध्यक वय २४.९ वर्षं. वय न नोंदलेले सुमारे ४५ लाख यातून आधीच वगळले आहेत. ते बेरजेत राहिले तर निम्म्याची खूण पुढे सरकते.

अवलंबित्व गुणोत्तर असं : ० ते १४ चे ३७.२४ कोटी, ६० च्या वरचे १०.३८ कोटी, मधले १५ ते ५९ चे ७३.०१ कोटी. दर १०० मधल्यांमागे ५१ मुलं आणि १४ ज्येष्ठ, एकूण ६५. ही फक्त वयाची विभागणी आहे, कमाईची नाही. १७ वर्षांचा विद्यार्थी यात कमावत्यांत धरला जातो. पेन्शनवर स्वतःचं घर चालवणारे किंवा नातवंडं सांभाळून सुनेची नोकरी शक्य करणारे तुम्ही अवलंबितांत. शब्द चुकीचा आहे, असं आमचंही मत आहे. तुलना करताना आणखी एक पाहा : संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यांत सीमा बहुधा ६५ असते, आपल्याकडे ६०. दोन्ही आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नये.

प्रश्न : जपानच्या मनोऱ्यात एकच बारीक खाच दिसते. युद्ध तर तेव्हा नव्हतं. (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, शिवाजीनगर)

ती १९६६ ची खाच आहे. आपल्या संवत्सरांसारखंच तिथेही ६० वर्षांचं चक्र आहे. त्यातल्या ‘अग्नी-अश्व’ वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला घातक ठरते, अशी समजूत होती. आपल्याकडे मंगळाच्या मुलीबद्दल बोलतात तसंच. १९६५ मध्ये तिथे सुमारे १८.२ लाख जन्म झाले, १९६६ मध्ये १३.६ लाख आणि १९६७ मध्ये १९.४ लाख. पाच वर्षांच्या पट्ट्यांत ही खाच विरून जाते, ती पाहायला एकेका वर्षाचा मनोरा लागतो. त्या चक्रातलं पुढचं वर्ष २०२६. भारताचे एकेका वर्षाच्या वयाचे आकडे हवे असतील तर जनगणनेचा सी-१३ तक्ता पाहा, पाच वर्षांच्या गटांचे सी-१४ मध्ये आहेत.

प्रश्न : माझी मुलगी १५ मार्च २०२२ ची. जनगणनेत तिचं वय ५ सांगायचं ना? दोनच आठवड्यांचा फरक आहे. (वाचक, वाघोली)

४ सांगा. १ मार्च २०२७ ला तिची चारच वर्षं पूर्ण झालेली असतील, आणि मोजायची ती पूर्ण झालेली वर्षं. ती ० ते ४ च्या पट्टीतली आहे.